सापडला का पोपट?

दुरून पाहिलं तर ती ठिगळांची साधी गोधडी वाटते. 6 आडवे, 8 उभे, असे 48 चौकोन, मध्ये फिकट पट्ट्या आणि कडेनं लाल गोट. जवळ गेलं की एकेका चौकोनातून कुणी ना कुणी डोकावू लागतं. कुठे हत्ती, कुठे चहाची किटली, कुठे छत्री, कुठे तारपा वाजवणारा वारली माणूस. एका चौकोनात निव्वळ आंब्याच्या कोयऱ्या आहेत, पण नीट पाहिलं तर त्यांतल्या एका कोयरीवर भरतकामाची इवलीशी मुंगी बसलेली दिसते. गोधडीवर पालथं पडलेलं दोन-अडीच वर्षांचं मूल आणि शेजारी मांडी घालून बसलेलं घरातलं मोठं माणूस, एवढ्या सामग्रीवर खेळ सुरू होतो. "मासा कुठाय?" बोट माशावर पडतं. "आता तस्साच दुसरा मासा शोध बघू." दुसरा मासा पार विरुद्ध कोपऱ्यात असतो, त्याचा रंगही वेगळा. मूल रांगत तिकडे निघतं.

अमेरिकेत अशा गोधडीला 'आय स्पाय क्विल्ट' म्हणतात आणि नातवंडांसाठी ती शिवणं हा तिथल्या हौशी शिवणकाम करणाऱ्यांचा आवडता उद्योग आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतून ही कल्पना आपल्याकडेही येऊ लागली आहे. सांगलीची माझी मावशी हिला 'शोधगोधडी' म्हणते. आपल्याकडे गोधडीही जुनी आणि ठिगळंही जुनी, मग यात नवं काय, असं कुणी विचारेल. नवी आहे ती मांडणीमागची योजना. ठिगळातून ओळख शोधायची खोड मात्र आपल्या घरात आधीपासूनच होती.

999 तुकडे आणि एक जोडी

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत 'चार्म क्विल्ट' नावाच्या गोधड्यांचं वेड पसरलं होतं. नियम साधा होता. सगळे तुकडे एकाच आकाराचे घ्यायचे, त्रिकोण, षटकोन किंवा पेल्याच्या आकाराचे. पण कापड एकदाही पुन्हा यायचं नाही. 999 तुकडे जमवावेत अशी बोली होती. एका घरात इतकी वेगवेगळी कापडं कुठून असणार? मग मैत्रिणी, शेजारणी, दूरचे नातेवाईक यांच्याशी तुकड्यांची देवघेव चाले. काही जणी या नियमाला मुद्दाम एक अपवाद ठेवत. सगळ्या गोधडीत एकाच कापडाचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब बसवत आणि ती जोडी शोधायचं काम मुलांना देत. आजारी मुलाला अंथरुणात गुंतवून ठेवायला याहून स्वस्त साधन नव्हतं.

त्याच सुमारास कापडगिरण्या शर्टाच्या पातळ कापडावर घोड्याची नाल, नांगर, कुत्रा, टोपी अशी बारीक चित्रं छापू लागल्या. अशा छपाईला तिकडे 'संवादी' कापड म्हणत, कारण ते पाहिलं की बोलायला विषय मिळे. चित्रं छापलेलं कापड आणि लपवलेली जोडी एकत्र आली की आजची शोधगोधडी जवळजवळ तयारच होते.

तिला आजचं नाव मिळालं ते 'आय स्पाय' या तोंडी खेळावरून आणि पुढे पुस्तकांमुळे ते घरोघरी पोचलं. 1987 मध्ये ब्रिटिश चित्रकार मार्टिन हँडफर्ड यांनी गर्दीत हरवलेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातला वॉली शोधायला लावला. 1992 मध्ये अमेरिकेत लेखिका जीन मार्झोलो आणि छायाचित्रकार वॉल्टर विक यांचं 'आय स्पाय' मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं. बटणं, गोट्या, खेळणी, शंख यांनी खच्चून भरलेलं छायाचित्र आणि त्यात काय काय शोधायचं ते यमकात, असं त्याचं स्वरूप. शिवणकाम करणाऱ्या आज्यांनी तीच गंमत कापडावर उतरवली. आपल्या मासिकांतल्या 'चित्रातले फरक ओळखा' या पानावर वाढलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडची ठिगळं

आपली गोधडी मुळात काटकसरीची. विरलेली लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळांची मांडणी करायची आणि मोठ्या सुईनं धावदोरा घालत कडेकडेनं आत यायचं. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी तिचीच लहान आवृत्ती असते. बाळंतविड्यात झबलं, टोपडं आणि कुंची यांच्याबरोबर दुपटं असतंच, आणि ते नव्या कोऱ्या कापडाचं नसावं असा जुन्या बायकांचा आग्रह असे. त्याला कारण होतं. शेकडो वेळा धुतलेलं सुती कापड जितकं मऊ होतं, तितकं दुकानातलं कुठलंच नसतं.

अशा गोधडीत झोपलेल्या मुलांनी शोधाचा खेळ कुणी न शिकवताच खेळलेला आहे. हे आजीचं हिरवं लुगडं, हा दादाच्या मुंजीतला सदरा, ही आत्याच्या परकराची झालर. दुपारी झोप येत नसली की बोटानं ठिगळं चाचपायची आणि एकेकाचा मालक ओळखायचा. तिथे चित्रं नव्हती, माणसं होती. शोधगोधडी शिवताना ही गोष्ट विसरली की ती नुसती चित्रांची चादर होते.

शेजारच्या प्रांतांत तर चित्रंही होती. बंगालच्या नक्षी कांथात जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानंच हत्ती, घोडे, रथ, मासे, आरसा-फणी अशी सृष्टी उभी राहते. साडीच्या किनारीतले रंगीत दोरे उसवून तेच भरतकामाला वापरायची तिथली रीत. बिहारमध्ये मुजफ्फरपूर भागात नवजात बाळासाठी जुन्या कापडाची सुजनी शिवत. तिथल्या भुसुरा गावाच्या बायकांनी त्या टाक्यांत पुढे आपल्या आयुष्यातले प्रसंग भरले.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून रानात आले. कोकणी त्यांच्या घरात आजही बोलली जाते. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात: भडक रंगांची, कडेपासून सुरू होऊन मध्यभागी संपणारी. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या रंगीत तुकड्यांची 'फुला' बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. लहान मुलांच्या छोट्या कवंद्यांवर बारक्या ठिगळांची अशी काही उधळण असते की नजर एका जागी ठरत नाही. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांनी या कवंद्यांवर काम केल्यामुळे त्या जगापुढे आल्या.

चीनमध्ये तान्ह्या मुलासाठी शंभर घरांतून चिंध्या मागून अंगरखा शिवायची प्रथा होती आणि जपानमध्येही शंभर तुकड्यांचा बाळ-किमोनो करत. इतक्या घरांचा आशीर्वाद अंगावर असला की मूल जगेल, ही त्यामागची श्रद्धा. बालमृत्यू ही घरोघरची गोष्ट होती त्या काळात लोकांनी शोधलेला हा दिलासा होता. आज ती धास्ती नाही. पण मुलाच्या पांघरुणात एकाहून अधिक घरांचं कापड असावं, हा विचार अजूनही घेण्यासारखा आहे.

काय शोधायचं?

शोधगोधडीची निम्मी मेहनत सुई हातात घेण्याआधीच झालेली असते. ती चित्रांच्या निवडीची.

सोपा रस्ता बाजाराचा. मुंबईचं मंगलदास मार्केट असो की पुण्यातली लक्ष्मी रस्त्यालगतची दुकानं, मुलांच्या चित्रांचं सुती कापड आता सगळीकडे मिळतं. डायनोसॉर, रॉकेट, युनिकॉर्न, कार्टूनमधले नायक हवे तितके. आख्खी गोधडीच छापलेली असलेली तयार कापडंही मिळतात. नुसतं अस्तर लावलं की काम झालं. ही वापरू नयेत असं नाही, पण अशा गोधडीत शोधण्यासारखं फार उरत नाही. एकाच मालिकेतली दहा पात्रं ओळखून झाली की खेळ संपतो. शिवाय मूल घरातून बाहेर पडल्यावर त्यातलं काहीच त्याला रस्त्यात भेटत नाही.

चित्र असं हवं, जे मुलाला गोधडीबाहेरही सापडेल. कावळा, रिक्षा, पाण्याचा नळ, केळं, कुलूप, चप्पल. तारपा वाजवणारा माणूस सोलापूरच्या मुलाला रोज दिसणार नाही, पण त्याची गोष्ट सांगता येते. युनिकॉर्नची गोष्ट सांगायला मात्र आपल्या बहुतेक आज्यांकडे काही नसतं. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या या परिसरातल्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. महागडी परदेशी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती हे एक कारण, आणि ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी कल्पनेकडे जाणं मुलाला सोपं जातं हे दुसरं. हे दुसरं कारण गोधडीलाही लागू आहे.

आपल्या वस्त्रांतच चित्रांचा केवढा साठा आहे! पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया, कमळ. इरकलीवरच्या कशिद्यात गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. कलमकारीच्या कापडात हरणं आणि मासे. आता पैठणीला कात्री लावा असं कुणी म्हणणार नाही, आणि लावूही नये; जर मुलाच्या अंगाला टोचते. मावशीनं यावर उपाय काढला. पदरावरची मुनिया तिनं पातळ कागदावर गिरवली, ती मऊ पिवळ्या मलमलीवर उतरवली आणि साखळी टाक्यानं हिरवी भरून घेतली. चोच लाल. डोळ्याच्या जागी मणी न लावता काळ्या दोऱ्याची एकच गाठ. नात तिला पोपट म्हणते आणि तिची चूक काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

नातेवाइकांकडून तुकडे मागवताना एकच गोष्ट बजावून सांगायची: तुकडा 6 इंचांहून थोडा मोठा असू द्या आणि त्याबरोबर एक ओळ लिहून पाठवा. कुणाचं कापड, कधीचं. आत्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या झग्याचा तुकडा पाठवते, काका क्रिकेटच्या टी-शर्टाचा. गोव्याच्या मावसबहिणीकडून लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कुणबी साडीचा तुकडा येतो. त्यात चित्र नाही, पण गजबजलेल्या दोन चौकोनांच्या मध्ये डोळ्याला विसावा देणारं असंच कापड हवं असतं.

कात्रीपासून गोटापर्यंत

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा आणि त्यात साडेपाच इंचांची चौकोनी खिडकी कापावी. ही खिडकी कापडावरून फिरवत राहायचं. हत्तीची सोंड कापली जात नाही ना, चित्र मधोमध येतं का, शेजारचं अर्धवट चाक आत डोकावतं का, हे सगळं खिडकीतून दिसतं. जागा पटली की खडूनं खूण करायची आणि चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीसाठी सोडून 6 इंचांचा चौकोन कापायचा. यात कापड वाया जातं आणि ठिगळांच्या संस्कारात वाढलेल्या बाईचा जीव कळवळतो. उरलेले तुकडे पट्ट्यांसाठी कामी येतात, एवढं तिच्या कानावर घालावं.

कापण्याआधी सगळी कापडं धुऊन घ्यायलाच हवीत. नवं सुती कापड आटतं आणि जुनं आटत नाही. दोन्ही शेजारी शिवली तर पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि निळीच्या रंगाची वेगळी परीक्षा घ्यावी: ओलं पांढरं फडकं त्यावर दाबून धरायचं. फडक्याला रंग लागला तर ते कापड कितीही लाडकं असलं तरी बाजूला ठेवायचं.

मग मांडणी. चौकोन सतरंजीवर पसरायचे आणि घरातल्या सगळ्यांनी अवतीभवती फिरून पाहायचं. एकाच रंगाचे दोन शेजारी नकोत, दोन प्राणी शेजारी नकोत, गडद चौकोनाच्या बाजूला फिका हवा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की एका बाजूला सगळे गडद चौकोन गोळा झाले असतील तर लगेच कळतं. आणखी एक पथ्य, जे नव्यानं शिवणाऱ्यांकडून हमखास सुटतं. सगळी चित्रं एकाच दिशेला तोंड करून लावू नयेत. भिंतीवरच्या चित्राला वर-खाली असतं. मूल गोधडीच्या चारही अंगांनी येतं. काही हत्ती त्याला उलटे दिसू देत. उलटा हत्तीही हत्तीच असतो, हे कळणं त्या वयात मोठी गोष्ट आहे.

6 गुणिले 8 चौकोन शिवून 33 इंच रुंद आणि 44 इंच लांब असा मधला भाग तयार होतो. मध्ये फिकट पट्ट्या घातल्या तर तो त्या हिशेबानं वाढतो. त्या टाळल्या आणि नुसती भोवतीनं दोन इंचांची पट्टी लावली तर माप 37 बाय 48 इंचांवर येतं, आणि ते पहिल्या गोधडीला पुरेसं आहे. खालच्या थरांना एक जुनी पाचवारी साडी बस होते. साडेपाच मीटरच्या साडीत 52 इंचांच्या 4 घड्या निघतात आणि रुंदीही पुरते. चार थर आणि वरचा मांडणीचा थर, एवढी जाडी हातानं टाके घालायला जड जात नाही. विकतचा कापूस किंवा फायबर घातलं तर गोधडी फुगते खरी, पण आपल्या हवेत ती वर्षातले जेमतेम दोन महिने वापरात येते.

टाके सरळ रेषेत घालता येतात. पण प्रत्येक चित्राच्या कडेकडेनं धावदोरा घातला तर गोधडीच्या पाठीवर नुसत्या बाह्यरेषा उमटतात. साडीच्या साध्या कापडावर दोऱ्याचा हत्ती, दोऱ्याची किटली, दोऱ्याची होडी. मूल चार वर्षांचं झालं, पुढची बाजू पाठ झाली, की गोधडी उलटी अंथरायची आणि विचारायचं, हे कोण? शेवटी अडीच इंचांची पट्टी दुमडून चहूबाजूंनी गोट लावायचा.

बटणं, मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू यांतलं काहीही तीन वर्षांखालच्या मुलाच्या गोधडीवर नको. ते तुटून तोंडात जातं आणि घशात अडकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंगावर सुटं पांघरूण घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्या वयात शोधगोधडी जमिनीवर अंथरायची, बाळ जागं असताना आणि मोठं माणूस शेजारी असताना.

खेळायचं कसं

साधारण नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत मूल दोन गोष्टी शिकतं. आपण जिकडे पाहतो तिकडे पाहणं आणि बोट दाखवणं. मानसशास्त्रज्ञ याला संयुक्त अवधान म्हणतात आणि पहिले शब्द याच पायावर उभे राहतात. अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. चित्रांची पुस्तकं पाहणाऱ्या एका आईचं आणि तिच्या बाळाचं, ते आठ महिन्यांचं असल्यापासून दीड वर्षाचं होईपर्यंत, त्यांनी निरीक्षण केलं. आई ठरावीक क्रमानं बोलत असे: बघ, हे काय, हे अमुक, बरोबर! बाळाचं उत्तर कधी हसू असे, कधी नुसता आवाज, पण आई ते उत्तर धरूनच चाले. प्रश्न आणि उत्तर यांची पाळी असते, हे मूल शब्दाआधी शिकत होतं.

गोधडीवर हेच होतं, फक्त इथे पान उलटावं लागत नाही. वर्षाच्या आसपास "भूभू कुठाय?" एवढंच पुरे. दोन वर्षांचं झालं की जोड्या. अडीच-तीनला गट पाडायचे: खायच्या वस्तू दाखव, चाकं असलेलं काय काय आहे, पाण्यात राहणारं कोण? पुढे मोजणी, आणि मग कोडी. कोडी घरातल्यांनीच रचावीत. आमच्या पुण्यातल्या घरी रिक्षाच्या चौकोनासाठी झालेलं हे एक: पाय तीन, पोटात तीन माणसं, 'तिकडे येणार नाही' म्हणतं, ओळखा कोण असं? साडेतीन वर्षांच्या भाच्यानं लगेच रिक्षावर बोट ठेवलं. पुण्यात राहतो तो.

मूल पाचेक वर्षांचं झालं की चित्रं मागे पडतात आणि कापडं पुढे येतात. ही होडी कुणाच्या शर्टावरची? आजोबांच्या. ते कुठे गेले होते? नातेवाइकांनी पाठवलेल्या त्या एकेका ओळीचा उपयोग इथे होतो. त्या ओळी एका वहीत उतरवून ठेवाव्यात, चौकोनांच्या क्रमानं. घरात मराठी कमी होत चाललेल्या, दूरदेशी वाढणाऱ्या नातवंडांच्या बाबतीत या वहीचं मोल जास्त. आजी फोनच्या पडद्यावर असते आणि गोधडी मुलाच्या खोलीत. "तिसऱ्या ओळीतला दुसरा चौकोन बघ" म्हटलं की दोघांच्या हाती एकच गोष्ट येते.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलाला गोधडी देऊन आपण बाजूला झालो तर ती तिसऱ्या दिवशी घडी होऊन कपाटात जाते. विचारणारं माणूस असेल तरच चित्रं बोलतात. ज्या घरात रोज दहा मिनिटं जमिनीवर बसायला कुणाला सवड नसेल, त्या घरानं शिवण्याचा खटाटोप करू नये. सोलापुरी चादर उत्तम.

ज्यांना ती सवड आहे, त्यांना एक विनंती. दिवाळीची आवराआवर झाली की जुने कपडे बोहारणीकडे जातात आणि त्याबदल्यात स्टीलचं पातेलं घरात येतं. यंदा ते गाठोडं बांधण्याआधी कात्री घेऊन बसा. प्रत्येक कपड्यातला, चित्र असेल तिथला, नसेल तर सगळ्यात मऊ भागातला, हातभर नव्हे, वीतभर चौकोन कापून ठेवा. कपडा कुणाचा ते चिठ्ठीवर लिहून टाचणीनं लावा. कुटुंबात बाळ येईल तेव्हा येईल. 48 तुकडे जमायला वेळ लागतोच, म्हणून सुरुवात आत्ताच करायला हवी.